दोन सूत आत

११ फेब्रुवारी १९९१, सोमवार. दुपारचे साडेतीन.

इंदू,

तुझ्यावर काही लिहून द्यावे, असे आपल्या इतिहास मंडळाने कळवले आहे. तुझी नोकरी, पदव्या, निबंधांची यादी हे सर्व त्यांच्याकडे आहे. ते ते छापतील. मी त्यात पडत नाही. यादीत तुझा एक निबंध दोनदा आला होता, तेवढा खोडायला सांगितला.

तुझ्याविषयी लिहिण्याची मला सवय नाही. तुझ्याशी बोलण्याची आहे, आणि तेही बहुतेक वेळा वादच. तू माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि त्याचा तू कधीही मुलाहिजा ठेवला नाहीस. तेव्हा हा मजकूर तुलाच उद्देशून लिहितो. मंडळाला चालत नसेल तर त्यांनी परत करावा.

तेरावा काल झाला. आज सकाळी कंत्राटदार आला होता, बंब्याच्या कामाचा.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या परक्या माणसासाठी दोन वाक्ये लिहितो. आपल्या शहराला शेकडो वर्षे नहरींनी पाणी पाजले. नहर म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून आणलेले मातीचे नळ. त्यांच्या वाटेवर अधूनमधून विटांचे उंच मनोरे आहेत. नळातले पाणी त्यात आपल्याच दाबाने चढते, वर मोकळे होते, गाळ खाली सोडते आणि पुढच्या उताराला लागते. त्यांना लोक बंबे म्हणतात. बहुतेक पडले. नदीकडच्या वाटेवरचा एक उभा राहिला तो इंदूमुळे. निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षे कचेऱ्यांचे जिने चढून तिने त्याच्या दुरुस्तीची मंजुरी आणली. दिवाळीनंतर काम सुरू झाले. अर्धा गिलावा झाला आणि तिने अंथरूण धरले.

कंत्राटदार ओसरीवर आला, पण बसला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाईंचं लई वाईट झालं, साहेब."

"हं. कशाला आलात?"

"त्या राहिलेल्या गिलाव्याचं काय करायचं, ते इचारायला आलतो."

"चालू होता तसा चालवा."

"तसं नाय जमायचं. बाईंच्या रीतीनं गेलं तर निसता चुना मुरायलाच महिना जातोय. मार्चात मुंबईचे मंजुरीवाले साहेब लोक बघायला येनार. म्या काय म्हन्तो, सिमेंटचा एक हात मारू. जुन्या-नव्याची पातळी एक करू, वरून पिवळा रंग देऊ. दोन दिसांत बंबा निसता नवरदेव."

"बाईंनी नाही म्हटले होते."

"म्हटलं व्हतं की. पर तुमी तर पयल्यापासून पातळी एक करा म्हनूनच भांडत व्हता त्यांच्याशी. समद्या साईटला म्हाईत हाय. बाईंच्या मागं आता तुमचीच सही चालती. तुमचंच म्हननं खरं करायचंय, साहेब. मंग अडतंय कुठं?"

इंदू, तो खोटे बोलला नाही. देखरेखीच्या समितीत तुझ्यानंतर माझेच नाव आहे. आणि पातळी एक करावी हेच मी दोन महिने सांगत होतो, मोठ्या आवाजात, मजुरांसमोर. त्याच्या मते त्याने माझ्याकडे चांगली बातमी आणली होती.

संध्याकाळी साईटवर येऊन सांगतो, असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. दुपारी पडलो, झोप आली नाही. उठून हे लिहायला बसलो.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या त्या दिवसांत आपल्या शहरात उर्दू एका हंगामात म्हातारी झाली. तू आणि मी त्याच भाषेत शाळा शिकलो होतो. घरात मराठी, देवघरात संस्कृत, पाटीवर उर्दू. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. नंतर मात्र जो तो ती विसरल्याचे सांगू लागला. वाण्याकडे पुड्या बांधायला उर्दू कागदांचे गठ्ठे येऊ लागले. तू सासरचे कुंकू पुसून घरी परत आली होतीस आणि बाबांनी तुझ्यासाठी शिवणाचा वर्ग शोधून ठेवला होता. तू वाण्याकडून जिरे आणलेस आणि जिरे डब्यात ओतून कागद वाचत बसलीस.

पुढे एका कचेरीला जुनी दप्तरे वाचून मराठीत उतरवणारे माणूस हवे होते. बाहेरून आलेल्या साहेबांना त्यातले एक अक्षर लागत नव्हते. तू अर्ज केलास. बाबा माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "अक्षर चांगले आहे तिचे." माझ्याकडून तुला मिळालेली शिफारस तेवढीच. तू ती चाळीस वर्षे ऐकवलीस.

एका संध्याकाळी तू कचेरीतून आलीस आणि चपला न काढता विचारलेस, "दादा, पाणी वर कसं चढतं?"

नहरीच्या सफाईचे जुने कागद तुझ्या टेबलावर आले होते. त्यात मनोऱ्यात पाणी चढल्याचा उल्लेख होता आणि तुला तो उतरवणाऱ्याचा प्रमाद वाटला होता. मी दोन तांबे आणि रबराची नळी घेतली. एक तांब्या फळीवर ठेवला, एक खाली. नळीचे टोक दाबून धर, असे सांगितले. तू ते ऐन वेळी सोडलेस. माझा सदरा भिजला, आईची चूल विझली. आई म्हणाली, "दोघंही बाहेर व्हा आधी." बाहेर अंगणात तू पुन्हा नळी धरलीस. या वेळी सोडली नाहीस.

नळीच्या वर धरलेल्या टोकात पाणी चढलेले पाहून तू विचारलेस, "मग हे त्यांना कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, माहीत नाही. इंजिनिअरला हे उत्तर देणे आवडत नाही. तुला ते इतके आवडले की तू त्यावर आयुष्य काढलेस.

रविवार नहरीचे झाले. मी सायकलवर, तू मागे कॅरिअरवर, पुढे माझी स्कूटर आली तेव्हा स्कूटरवर. लुगडे खोचलेले, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. हर्सूलच्या शेतांतून नळाची वाट शोधत आपण हिंडायचो. जमिनीवर एखादे दगडी झाकण दिसले की तू आडवी होऊन त्याला कान लावायचीस. पहिल्यांदा पाहिले तेव्हा फुलंब्रीकडून येणारी एक बैलगाडी थांबली होती. गाडीवान मला म्हणाला, "फीट आली व्हय बाईला? कांदा हुंगवा." मी म्हणालो, नाही, ऐकते आहे. त्याने कासरा सैल सोडला आणि जाता जाता म्हणाला, "मंग तुमी कांदा हुंगा."

कोंड्याचा दिवस मात्र नीट लिहिला पाहिजे, कारण तुझ्या नावावर जो शोध जमा आहे तो त्या दिवशी लागला, आणि तो आपल्या चुकीने लागला.

नळ खाली कोठे जातो हे ठरवायला कोंडा सोडण्याची युक्ती माझी. एका झाकणातून ज्वारीचा कोंडा टाकायचा आणि पुढच्या झाकणाशी चाळणी धरून बसायचे. कोंडा आला तर नळ सलग आहे. मी कागदावर सरळ रेघ मारली आणि पुढचे झाकण कोणते ते ठरवून टाकले. तू त्या झाकणाशी बसलीस. मी वरच्या झाकणाशी पोते सोडले. शेजारच्या वावरातला माणूस बांधावर येऊन म्हणाला, "साहेब, नळाला वैरन-पानी सुरू केलं जनू." मी पोते झटकले.

कोंडा आला नाही. ऊन चढले, उतरले. तू लांबून ओरडलीस, "दादा, टाकलास का?"

"अख्खे पोते टाकले."

"मग गेलं कुठं?"

"नळ फुटला आहे. जमिनीने खाल्ले. चल घरी."

तू माझ्यावर चिडलीस, मी नळावर. घरी आलो. दिवेलागणीला दारात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे. गावातल्या एका लहान मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे तिची व्यवस्था पाहणारे. हातात रुमाल, रुमालात भिजलेला कोंडा.

"इंजिनेर साब, ये माल आप का?"

ते म्हणाले, "असर की नमाज कू लोगां वजू करने बैठे, तो हौज में भूसा. दाढियों में भूसा, आस्तिनों में भूसा. पोट्टे बोले, नहरवाली बाई का काम है."

मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले. तू मला बाजूला सारून पुढे झालीस. "हौज में? चचा, कौनसे कोने से आया?"

त्यांनी तुझ्याकडे रोखून पाहिले. "अजी, माफी मांगना छोड के कोना पूछ रई ये."

"माफी भी मांगती. कोना बोलो पहले."

"बोलता क्या, दिखातूं. चलो. मगर हौज साफ करना पडेंगा."

तू तशीच त्यांच्याबरोबर गेलीस. त्या हौदाला आतल्या विहिरीचे पाणी आहे, असे सर्व शहर मानत होते. खुद्द मुतवल्लीही. कोणत्याही नकाशावर तेथपर्यंत नळ नव्हता. माझी सरळ रेघ चुकली म्हणून नहरीची एक आख्खी शाखा सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर घेऊन मी हौद उपसायला गेलो, तर तू आधीच पायरीवर बसून चाळणीने कोंडा काढत होतीस, आणि ते गृहस्थ तुला तुझे उच्चार कुठे चुकतात ते सांगत होते.

निबंध लिहिलास तेव्हा तो मला वाचायला दिलास. मी त्यातली दोन पाने काढून टाक, असे सुचवले. आपण भलत्याच झाकणाशी बसलो होतो, नळ फुटल्याचे मी सांगितले होते, लोकांच्या दाढीत कोंडा अडकला होता, हे सर्व तू जसेच्या तसे लिहिले होतेस. मी म्हणालो, निष्कर्ष लिही. शाखा आहे, ती अमुक ठिकाणाहून फुटते, संपले. विद्वान हसतील.

"हसू देत. चूक काढून टाकली तर वाट कशी सापडली ते कळणार नाही."

"वाट सापडली ना? मग कशी ते कोणाला हवे?"

"पुढं ज्याला तिच्यावर शंका घ्यायची असेल त्याला हवं."

विद्वान हसले. तू पाने काढली नाहीस.

तुझी दुरुस्तीची रीतही तीच होती, हे मला आज हे लिहिताना दिसते. तेव्हा दिसले नव्हते. कोणत्याही जुन्या भिंतीचा गिलावा गळाला असेल तर तू नवा गिलावा जुन्याच्या पातळीला येऊ देत नसस. दोन सूत आत ठेवायला लावायचीस. गवंड्यांच्या मापात दोन सूत म्हणजे पाव इंच. लांबून भिंत एकच दिसावी, जवळ जाऊन हात फिरवला की जुने कोठे संपले आणि नवे कोठून सुरू झाले ते बोटाला कळावे. दौलताबादकडच्या एका कमानीपासून खुलताबादेतल्या एका ओवरीपर्यंत जेथे जेथे तुझा हात लागला तेथे ही पाव इंचाची पायरी आहे. गवंडी तिला "बाईंची पायरी" म्हणत.

मला ती कधीही मान्य नव्हती. बंब्यावर तर मुळीच नाही. तेथे जुना गिलावा खाली दीड पुरुष उंचीपर्यंत टिकला आहे आणि वरचा गळाला आहे. म्हणजे वरचे नवे काम दोन सूत आत गेले की खालच्या जुन्या गिलाव्याच्या डोक्यावर सर्व बाजूंनी काठ तयार होतो. डिसेंबरात तू परांचीवर होतीस, मी खाली. तुला आठवत असेल.

"इंदू, त्या काठावर पाणी थांबणार."

"थांबू दे."

"थांबू दे काय? ते जुन्याच्या मागे मुरेल. चार पावसाळ्यांत जुना गिलावा फुगून गळेल. ज्याला वाचवायला निघालीस त्याच्याच डोक्यावर तू पाण्याचा हंडा ठेवते आहेस."

"आणि पातळी एक केली की पुढच्या माणसाला कसं कळणार, कुठपर्यंत त्यांचं आणि कुठून आपलं?"

"नाही कळले तर काय अडते?"

"माझं अडतं."

"तुझे अडते म्हणून भिंतीने भिजायचे?"

"तू रस्ते बांधलेस, दादा. रस्ता नवा दिसला की तुमचं काम झालं. हा म्हातारा आहे. त्याला तरुण म्हणून कुणापुढं उभा करायचाय तुला?"

रशीद मिस्त्री घमेले घेऊन आपल्या दोघांच्या मध्ये उभा होता. तो म्हणाला, "साब, बाई, तुमारा पहले तय करो. मसाला सूख रा."

तू हसलीस. मी घरी निघून आलो. त्यानंतर दर रविवारी जेवताना तोच वाद. तुझ्या वहिनीने एकदा आमटीचे पातेले दोघांच्या मध्ये आपटले आणि ताटावर बंब्याचे नाव काढायचे नाही असे बजावले. तू म्हणालीस, "वहिनी, बंबा नाही, मी काठाविषयी बोलते आहे."

मग थंडी वाढली आणि तुझा श्वास कमी पडू लागला.

इस्पितळात मी रोज येत होतो. आपण कामाविषयी बोललो नाही. बोलायला हवे होते की नको होते, हे मला ठरवता आलेले नाही. तुला बोलताना धाप लागे आणि उत्तर न देणाऱ्याशी वाद घालणे मला अप्रशस्त वाटे. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट पाहिलेस आणि म्हणालीस, "स्वेटर उलटा घातलायस."

मी व्हरांड्यात जाऊन तो सुलटा केला. परत आलो तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. नंतर तू ते उघडले नाहीस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सिल्लोडच्या रस्त्याचे रुंदीकरण माझ्याकडे होते तेव्हाची. शहराच्या बाजूला आखणीची रेघ नहरीच्या एका झाकणावरून जात होती. रोलर फिरला असता तर खालचा नळ चेपला असता. तू मला काही विनंती केली नाहीस. नुसती त्या झाकणापाशी दोन रविवार येऊन बसलीस, पेरू खात. मी आखणी बारा फूट सरकवली. फाइलवर कारण लिहिले, त्या पट्ट्यात काळी माती आहे, पाया धरणार नाही. तुलाही तेच सांगितले. तुला एवढा आनंद झाला की पुढे एका भाषणात तू त्या काळ्या मातीचे आभार मानलेस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेथे काळी माती नव्हती. मुरूम होता, चांगला टणक. बहिणीसाठी आखणी बदलली असे कोणी म्हणू नये म्हणून मी ते लिहिले, आणि तुझ्याकडून आभार ऐकायला लागू नयेत म्हणून तुलाही तसेच सांगितले. तुला हात फिरवून कळेल अशी पायरी मी तेथे ठेवली नाही. आता ठेवतो. छापणाऱ्यांनी हा परिच्छेद गाळू नये.

मागच्या रविवारी तुझ्या वहिनीने सवयीने एक भाकरी जास्त थापली. ती मी रात्री दुधात कुस्करून खाल्ली.

आता साईटवर जायला हवे. काय सांगायचे ते अजून ठरलेले नाही. तू समोर असतीस तर ठरलेले असते. गेल्या दोन महिन्यांत तुला पटवण्यासाठी जे जे मुद्दे मी जमवले ते सर्व शाबूत आहेत, एकही खोटा नाही. नुसती मान हलवली की उद्या सकाळी माझे म्हणणे सिमेंटमध्ये उभे राहील. त्यावर कोणी उलटून बोलणार नाही.

तेच खटकते आहे.

दिवे लागले. परत आलो आहे. जे झाले ते लिहून पुरे करतो.

रिक्षाने गेलो. बंब्याच्या पायाशी सिमेंटची पोती येऊन पडली होती, वर ताडपत्री. कंत्राटदाराने माझ्या होकाराची वाट पाहिली नव्हती. रशीद मिस्त्री चुन्याच्या हौदाशी उकिडवा बसला होता. मला पाहून उठला.

मी त्याच्याकडून तांब्याभर पाणी मागितले. परांचीची खालची फळी चढलो. तेवढे अजून जमते. जुन्या गिलाव्याच्या डोक्यावर, जेथे तुझे नवे काम दोन सूत आत गेले आहे, त्या काठावर पाणी ओतले आणि पाहत उभा राहिलो. थोडे ओघळले. बाकीचे थांबले. मग सावकाश मागे जिरू लागले आणि जुन्या गिलाव्याच्या कडेला ओल वरून खाली उतरताना दिसू लागली.

मी बरोबर होतो, इंदू. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मग त्या पायरीवरून बोट फिरवले. हे मी आजवर केले नव्हते. तुझ्यासमोर केले असते तर ते तुझे म्हणणे ऐकल्यासारखे दिसले असते. खालचे जुने गार, काचेसारखे गुळगुळीत. जुन्या कारागिरांनी शंख घासून ते घोटले होते. वरचे तुझे खरखरीत. मध्ये पाव इंच. डोळे मिटूनही कळते. मनोऱ्याला पुरा वळसा घातला, फळीला धरून धरून. बोट कोठेही फसले नाही.

खाली उतरलो तेव्हा कंत्राटदार आला होता. "मंग साहेब? उद्या धरायचं ना सिमेंट?"

"पोती उचला. चुन्यातच करायचे. दोन सूत आत."

त्याने टोपी मागे सारली. "साहेब, तुमीच तर म्हनत व्हता…"

"म्हणत होतो. अजून म्हणतो. त्या काठावर पाणी थांबते."

"मंग?"

"म्हणून काठावर चुन्याचा बारीक ढाळ द्यायचा. पाणी बाहेर पडेल एवढाच. पायरी बुजता कामा नये."

"आन् मुंबईवाले आले म्हंजे? त्यास्नी अर्धवट दाखवायचं का?"

"अर्धवट असेल तर अर्धवट दाखवू. मी उभा राहीन तेथे. उशीर का झाला ते मी लिहून देईन."

तो पोती मोजायला गेला आणि जाताना रशीदला हलक्या आवाजात म्हणाला, "बाई गेली, पर काम बाईचंच ऱ्हायलं बघ." मला ऐकू येते हे लोक विसरतात.

तुला हा ढाळ पसंत पडला असता का, मला ठाऊक नाही. जुन्याच्या माथ्यावर आपली वस्तू ठेवायची नाही, असे तू म्हणाली असतीस. त्यावर माझे उत्तर तयार होते. त्यावर तुझेही असणार. ते काय असते याचा विचार मी रिक्षात करत आलो आणि मला ते सापडले नाही. इतकी वर्षे तुझे पुढचे वाक्य मला आधी कळते, असे मी समजत होतो.

वीतभर ढाळ आजच करून पाहू, असे मी रशीदला म्हणालो. उजेड थोडा होता. दोघे पुन्हा फळीवर चढलो. त्याने मुरलेला चुना थापीवर घेतला. पहिला हात जाड झाला, पायरी बुजू लागली. मी खरवडायला लावला. दुसरा हात पातळ झाला. तिसरा बसला. त्याने थापीच्या टोकाने कड ओढली आणि माझ्याकडे पाहिले. मी बोट लावून पाहिले. पायरी लागत होती. "ठीक आहे," म्हणालो.

फेब्रुवारीचे कोरडे वारे ओल्या चुन्याला वाईट, रात्रीतून तडकतो. रशीदने गोणपाटाचा तुकडा भिजवून आणला. मी तो त्या वीतभर जागेवर धरून उभा राहिलो, त्याने मनोऱ्याला वळसा घालून सुतळी बांधली. मग बादलीत उरलेले पाणी गोणपाटावर ओतले आणि बादली पालथी घातली.